उंबऱ्याखालचं अंडं

प्लोनीचा वरचा ओठ जन्मापासून मधोमध फाटलेला होता. तिच्या आईला दिवस गेले असताना शेतात पायाखालून ससा उठला, ती दचकली, तिचा हात तोंडाशी गेला आणि पोरीचा ओठ सशासारखा झाला, असं आमच्या एर्लेनग्रुंड गावात लहानथोर सगळे सांगत. हे कुणी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं, पण त्यावाचून कुणाचं अडलं नाही. सुईण बाहेर आली, नुसतं "ससा" म्हणाली, आणि जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. पोरीचं नाव आपोलोनिया, घरात प्लोनी, ठेवायचं ठरलं ते त्यानंतर.

लढाई संपून तेव्हा फार काळ झाला नव्हता. अर्धी घरं ओस होती, शेतांत झुडपं माजली होती, आणि ज्यांची गाय जगली होती त्यांना रात्री तिच्या काळजीने झोप येत नव्हती. अशा दिवसांत पलीकडच्या जहागिरीत एका बाईला टेकडीवर नेऊन जाळलं. तिचा गुन्हा काय, तर शेजाऱ्याच्या गोठ्याच्या उंबऱ्याखाली अंडं सापडलं आणि त्याच हंगामात त्याच्या गाई आटल्या. दुसऱ्याच्या उंबऱ्याखाली चोरून अंडं ठेवायचं म्हणजे त्या घरचं दूध, गुरं, बरकत सगळं आपल्याकडे ओढून घ्यायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अशी बाई दुसऱ्याच्या गोठ्यात दूध प्यायला जाते ती सशाचं रूप घेऊन, हेही ठाऊक असतं. सगळं गाव बघायला गेलं होतं. प्लोनीच्या आईने एका हाताने तिला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने आपल्या शालीचं टोक पोरीच्या तोंडावर दाबून ठेवलं होतं. धूर लागू नये म्हणून, असं प्लोनीला वाटलं. लोकांची नजर तिच्या ओठावर जाऊ नये म्हणून, हे तिला बऱ्याच वर्षांनी कळलं.

पोरं तिला सशी म्हणत, मागे उड्या मारत चालत. काही दिवस ती रडली. मग रडण्याचा कंटाळा आला आणि ती उलट बोलायला शिकली. बोलणं नाकातून यायचं, पण त्याला धार अशी की थोराड गडीही तिच्या वाटेला जाईनासे झाले. कोळसा पाडणाऱ्या एका बुटक्या, गप्प माणसाशी तिचं लग्न झालं. मूल झालं नाही. नवरा एका हिवाळ्यात छातीत कफ भरून गेला. त्यानंतर जहागीरदाराच्या वाड्यावर पोचवायची अंडी घरोघर फिरून गोळा करण्याचं काम तिला मिळालं. प्रत्येक घराने ईस्टरच्या आधी ठरलेली अंडी द्यायची, ती प्लोनीने पाठीवरच्या करंडीत गवत घालून न्यायची, आणि वाटेत जी तडकतील ती तिची, असा रिवाज होता. तिच्या पायाखाली दगड आला की करंडी हलायची, आणि ईस्टर जवळ आला की तिच्या पायाखाली दगड फार यायचे. वाड्यावरच्या कारभाऱ्याला हे कळत होतं. तो हसायचा आणि सोडून द्यायचा.

गावातली तिची खरी मैत्रीण एकच, वेंडेलची बायको ट्राउडे. तिची थोरली मुलगी उर्शेल हिला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं ते प्लोनीने. म्हणजे ती उर्शेलची धर्मआई. ज्या बाईला लोक लग्नघरी पुढे येऊ देत नसत तिच्या हातात ट्राउडेने आपलं मूल दिलं होतं, आणि हे प्लोनी कधी विसरली नाही.

सगळं सुरू झालं ते या उर्शेलच्या एका प्रश्नाने. ओढ्यापलीकडचं गाव कॅथलिक. तिथल्या घंटा ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी मुक्या होतात, उडून रोमला जातात आणि परत येताना पोरांसाठी रंगीत अंडी आणतात, असं तिकडची पोरं आमच्या पोरांना चिडवून सांगत. आम्ही पडलो लुथरपंथी. आमची घंटा कुठे जात नाही, मनोऱ्यातच बसते. उर्शेल रडत प्लोनीकडे आली.

"आपली घंटा का नाही गं जात?"

"आपली म्हातारी आहे. तिच्याने चालवत नाही."

"मग आपल्याला अंडी कोण आणणार?"

प्लोनी कोंबडी सोलत होती. तिने पोरीकडे बघितलं, आणि आयुष्यभर जे तिला डिवचायला वापरलं गेलं तेच तिच्या तोंडून सहज निघून गेलं. "ससा आणेल," ती म्हणाली.

"ससा कशाला आणेल?"

"माझा नातेवाईक आहे तो. ओठ बघ की माझा. मी सांगितलं तर आणेल."

उर्शेलने तो ओठ बोटाने हळूच चाचपून बघितला आणि तिची खात्री पटली. गवताचं घरटं करून बागेत कुंपणाशी ठेवायचं, ससा पहाटे येऊन त्यात अंडी घालून जाईल, असं ठरलं. आठवडाभरात ही बातमी गावातल्या सगळ्या पोरांत गेली. त्यात त्या वर्षी पोरांना पुरावाही मिळाला. नांगरलेल्या वावरात ससा जमिनीशी चिकटून बसलेला असतो, माणूस अगदी जवळ गेला की उठतो आणि पळतो. पोरांनी एक ससा असा उठवला, आणि तो जिथून उठला त्याच्या शेजारच्या खळग्यात ठिपक्यांची चार अंडी होती. ती टिटवीची होती. टिटवी तशीच उघड्या मातीत घालते, आणि ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होतीच. पण वर बघतो कोण? पोरांनी ससा बघितला होता.

ईस्टरच्या पहाटे प्लोनी कांद्याच्या सालींत उकडलेली लालसर अंडी घेऊन निघायची. प्रत्येक अंड्यावर सुईने कोरलेलं एक छोटं फूल. फाटकातून आत शिरून ती अंडी घरट्यांत ठेवायची आणि उजाडायच्या आत घरी परत यायची. आयांना हे ठाऊक होतं. त्या आदल्या संध्याकाळी फाटकाची कडी मुद्दाम काढून ठेवत, कुत्रं आत बांधत. बापांनाही ठाऊक होतं, पण मोठ्या माणसाने अशा गोष्टी बोलायच्या नसतात म्हणून ते माहीत नसल्यासारखे वागत. पोरं तिला आता ससामावशी म्हणत, आणि ते ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी दुसऱ्या कुठल्या बाईच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही. अशी पाच-सात वर्षं गेली. टेकडीवर काय झालं होतं ते ठाऊक असून ही बाई असं करायला धजली कशी, असं मागाहून फार लोकांनी विचारलं. कडी काढून ठेवणाऱ्या हातांना हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

चूक झाली ती एका धुक्याच्या ईस्टरला. प्लोनी वेंडेलच्या अंगणात होती. उर्शेलचं घरटं भरून झालं होतं, हातात एकच अंडं उरलं होतं, तेवढ्यात वेंडेल खोकत दारात आला. वेंडेल पहाटे उठणाऱ्यांतला नव्हता, पण लाल गाय ब्लेस गाभण होती, तिला बघायला तो आला होता. प्लोनी गोठ्याच्या भिंतीशी बसली. उंबऱ्याचा दगड एका बाजूने खचलेला होता, त्याच्या फटीत तिने हातातलं अंडं सरकवलं, म्हणजे दोन्ही हात टेकून तिला रांगत कुंपणापर्यंत जाता येईल. अंडं नंतर काढू असं तिने मनाशी म्हटलं. मग सबंध सकाळ पोरांनी तिला घेरलं, कुणाला किती मिळाली ते सांगून तिचं डोकं खाल्लं, आणि ते अंडं तिच्या मनातून साफ गेलं.

गवत कापायच्या दिवसांत ब्लेसच्या दुधात रक्त यायला लागलं. मग दूध आटलं. वासरू आधीच मेलेलं जन्मलं होतं. वेंडेलने पाला दिला, मीठ दिलं, शेजारच्या गावाहून गुरं जाणणाऱ्या माणसाला आणलं. त्या माणसाने गाय बघितली न बघितली आणि उंबरा उपटायला सांगितलं. असल्या माणसांना उंबऱ्याखाली काहीतरी असणार हे नेहमीच ठाऊक असतं. बहुतेक वेळा हाड निघतं नाहीतर चिंधी निघते. या वेळी अंडं निघालं.

आवाज ऐकून लोक जमले, त्यांत प्लोनीही होती, पाठीवर करंडी घेऊन. वेंडेलने अंड्याला हात लावला नाही. असल्या अंड्याला हात लावायचा नसतो, ते चिमट्याने उचलून जळत्या विस्तवात टाकायचं असतं आणि त्या वेळी तोंडातून शब्द काढायचा नसतो. त्याने ते चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवलं. लालसर रंग उडत चालला होता, पण बारीक फूल स्वच्छ दिसत होतं. आता तोंड उघडावं आणि सांगावं, अरे बाबा ते माझं आहे, तू खोकलास म्हणून घाईत राहिलं, असं तिला वाटलं. पण ऐकणाऱ्याच्या कानात त्यातलं किती जाईल? पहाटेच्या अंधारात मी तुझ्या गोठ्याच्या उंबऱ्याखाली अंडं लपवलं, एवढंच जाईल. टेकडीवरच्या बाईनेही शेवटी तेवढंच कबूल केलं होतं. आणि गप्प बसावं, तर अंडी ससा आणतो आणि ससा प्लोनीचा नातेवाईक हे गावातलं प्रत्येक पोर शपथेवर सांगायला तयार. दोन्हीकडून वाट एकाच टेकडीवर जात होती.

ती गप्प बसली. अंडं विस्तवात फुटलं, घाण वास सुटला, आणि तिच्याकडे कुणी बघितलं नाही. तिच्याकडे कुणी बघत नाही हेच तिला पहिल्यांदा जाणवलं.

चार दिवसांनी ब्लेस मेली. त्यानंतर प्लोनी विहिरीवर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. एकीने आपल्या कोंबड्या मोजून आत घेतल्या. दुसरीने अंडी दारातून तिच्या हातात न देता उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवली आणि कडी लावली. हीच बाई पाच वर्षं फाटकाची कडी काढून ठेवत होती. लोहाराच्या पोराने कुठेतरी ससा मारला होता, त्याचं कातडं कुणीतरी प्लोनीच्या दाराला खिळ्याने ठोकून ठेवलं. तिने ते उपसून काढलं, उकिरड्यात पुरलं आणि दुसऱ्या दिवशी करंडी घेऊन नेहमीसारखी बाहेर पडली. घरात बसणं म्हणजे कबूल करणं.

आमचे पाद्रीबुवा नवे होते, शहरातून आलेले. त्यांना गाईंतलं काही कळत नव्हतं, आणि सशाची गोष्ट त्यांना नुसता बाष्कळपणा वाटत होती. पण वेंडेल गावमुख्याला घेऊन त्यांच्याकडे गेला, आणि कानावर आलेलं दडपलं तर त्यांचीच नोकरी जायची. चौकशी करतो, तथ्य निघालं तर अमलदाराला कळवतो, असं त्यांनी सांगितलं. अमलदाराची माणसं एकदा आली की रिकाम्या हाताने परत जात नाहीत, हे सांगायची गरज नव्हती.

रविवारी उपासना संपल्यावर लिंडेनच्या झाडाखाली सगळ्या पोरांना उभं केलं. मोठी माणसं मागे. प्लोनी एका बाजूला, तिच्या दोन्हीकडे माणूसभर जागा मोकळी. पाद्रीबुवांनी विचारलं, ईस्टरला अंडी कोण आणतं? पोरांनी एका सुरात सांगितलं, ससा. हे कुणी सांगितलं? ससामावशीने. ससा कुणी बघितला? तिघाचौघांनी हात वर केले, आणि त्यांना बघून बाकीच्यांनीही. एकाने सांगितलं तो वासराएवढा होता. दुसऱ्याने सांगितलं तो दोन पायांवर चालत होता. पाद्रीबुवांचा चेहरा उतरत गेला. ही चौकशी दोन थपडांत संपेल असं समजून ते आले होते.

मग त्यांनी उर्शेलला पुढे बोलावलं. ती आता दहाची होती, वेण्या घट्ट घातलेल्या. पोरीने वर बघितलं आणि तिच्याकडे बघून हसली, आता बघ मी तुझी बाजू कशी घेते, असं.

"तू काय बघितलंस, बाळ?"

"मी पहाटे खिडकीशी होते. आधी ससा आला, कुंपणाखालून. मग धुकं आलं. मग तिथेच ससामावशी होती, चार पायांवर." उर्शेलने सगळ्यांकडे मान वळवून बघितलं. "तुम्ही उगीच तिला बोलता. तिला कुणाला सांगून अंडी आणायला नाही लागत. तीच ससा आहे."

प्लोनीचा हात आपोआप शालीकडे गेला आणि तिने ती ओठावर ओढून धरली. तिच्या आईने धरली होती तशी.

तेव्हा ट्राउडे पुढे आली. ती प्लोनीकडे बघत नव्हती. आवाज कोरडा होता.

"ते अंडं मी ठेवलं होतं," ती म्हणाली. "पवित्र गुरुवारी कोंबडीने घातलेलं. गाय नीट विऊ दे म्हणून. माझी आई ठेवायची, तिची आई ठेवायची."

"ट्राउडे, गप्प बस," वेंडेल म्हणाला.

"माझ्या घरचा उंबरा, माझ्या घरचं अंडं. त्यात कसलं चेटूक? बागेतली अंडीही आम्हीच ठेवतो, आया. पोरांना सांगायचं नसतं म्हणून ससा म्हणतो. विचारा बाकीच्यांना."

बाकीच्यांना विचारायची वेळ आली तेव्हा क्षणभर वाटलं की आता सगळं कोसळणार. मग लोहाराची बायको जमिनीकडे बघत हो म्हणाली. मग आणखी एक. कुठल्याच बाईला प्लोनीची दया आली नव्हती, मी खोटं कशाला सांगू. पण दर वर्षी कडी कुणी काढली हे प्रत्येकीला आठवत होतं.

पाद्रीबुवांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. उंबऱ्यात अंडं ठेवणं हा कॅथलिक वेडगळपणा, त्याबद्दल ट्राउडेने महिनाभर चर्चच्या दाराशी सगळ्यांदेखत उभं राहायचं, असं त्यांनी फर्मावलं. आणि यापुढे पोरांना अंडी द्यायचीच असतील तर ज्याने त्याने आपल्या बागेत ठेवायची. दुसऱ्याच्या कुंपणात अंडं घेऊन कुणी पाऊल टाकायचं नाही. वेंडेलने घरी जाऊन बायकोला काय केलं ते तिच्या गालावर दिसत होतं.

दोन दिवसांनी प्लोनी कुंपणापर्यंत गेली. ट्राउडे कपडे वाळत घालत होती, थांबली नाही.

"तू माझ्यासाठी..." प्लोनीने सुरुवात केली.

"तुझ्यासाठी नाही केलं. तुला नेलं असतं, अंगठे पिळले असते, आणखी कोण कोण होतं ते विचारलं असतं. कुणाचं नाव घेतलं असतंस?"

"तुझं कधीच नसतं घेतलं."

"घेतलं असतंस. सगळ्या घेतात." ट्राउडेने ओला कपडा झटकला. "आता इकडे येत जाऊ नकोस, प्लोनी. पोरीलाही मी सांगितलंय. एकदा वाचवलं. दुसऱ्यांदा माझ्याच्याने होणार नाही."

अंड्यांचं काम वाड्याने दुसऱ्या कुणाला दिलं. हिवाळाभर प्लोनीने लोकर कातली आणि दार लावून घेतलं. रात्री पाऊल वाजलं की ती उठून बसायची. जी बाई कधी कुणाला भ्यायली नव्हती ती रोज सकाळी आपला उंबरा चाचपून बघायला लागली, पुढून आणि मागून, कारण जे तिने इतरांचं केलं असं लोकांना वाटत होतं ते आता कुणीतरी तिचं करील, याची तिला खात्री झाली होती.

ईस्टर आला. त्या सकाळी एर्लेनग्रुंडच्या प्रत्येक बागेतून पोरांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. ससा आला, ससा आला. यंदा सगळ्या आयांनी अंडी ठेवली होती, न ठेवून चालणारच नव्हतं, झाडाखाली तसं सांगून बसल्या होत्या. प्लोनीने आवाज ऐकला आणि चुलीत लाकूड सारलं. मग सवयीने दार उघडून वाकली.

उंबऱ्याच्या फटीत अंडं होतं.

ती तशीच मागे सरकली, चुलीजवळचा चिमटा घेतला, आणि ओठ घट्ट मिटून अंडं फटीतून उचललं. तोंडातून शब्द काढायचा नसतो. तिने काढला नाही. चुलीपर्यंत नेलं आणि निखाऱ्यांत टाकलं. उजेडात ते एकदा वळलं तेव्हा तिला दिसलं की ते लाल आहे, कांद्याच्या सालीचं, आणि त्यावर सुईने काहीतरी कोरलेलं आहे. लांब कानांचा एक वेडावाकडा ससा होता. त्याच्या तोंडावर मधोमध एक रेघ ओढलेली होती, अगदी जपून, पुन्हा पुन्हा गिरवून.

तिने हात निखाऱ्यांत घातला, पण टरफल तडकलं होतं आणि ससा काळा पडत चालला होता. मागे उघड्या दाराबाहेर हालचाल झाली म्हणून तिने वळून बघितलं. आईचा डोळा चुकवून आलेली उर्शेल कुंपणाशी उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. प्लोनीने तिला हाक मारायला तोंड उघडलं, तोवर पोर वळून पळत सुटली होती, वावरातून, आडवी, थेट घराकडे.